वाढत्या अंगाचे औषध

बसवनगुडी, बेंगळुरू
११ जानेवारी २०२५

चि. सौ. अलकास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

शाळेच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मी तुझ्या वेण्या घालायची, ते आठवतं का? तू समोर पाटावर, गालात डोशाचा घास, आणि त्या घासासकट सिस्टरांनी शिकवलेली इंग्रजी प्रार्थना घोकत असायचीस. ‘आमेन’ला नेमकी मान हलायची, भांग वाकडा जायचा आणि मी मागून टपली मारायची. देवाचं नाव घेणाऱ्या पोरीला मारू नये, असं आई चुलीपासून ओरडायची. देव कोणाचा, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

काल सकाळी त्याच उंबऱ्याशी तुझ्या नातवाचे केस विंचरले. अपूर्व तुझ्यापेक्षा शहाणा निघाला, मान अजिबात हलवली नाही. पाच वर्षांच्या मुलाने इतकं स्वस्थ बसू नये, असं मनात येऊन गेलं.

इस्पितळात सगळं नीट झालं. तू त्याला आदल्या दिवशीच आमच्याकडे धाडलंस ते बरं केलंस. मनस्विनी ऑफिसातून थेट येणार होती, ती सिल्क बोर्डाच्या चौकात रहदारीत अडकली. तुझी सून विमानाने दिल्लीला गेली असती तर आधी पोचली असती. मी फाइलच्या रांगेत उभी राहिले आणि आपल्या भावाने, गुंडोअण्णाने अपूर्वला वजन-उंचीला नेलं. सोळा किलो भरला! मला तर वाटलं नव्हतं. अण्णा तेव्हापासून मिशीतल्या मिशीत हसतोय.

मग रंजिताने आम्हा दोघा म्हाताऱ्यांना समोर बसवून समजावलं. इस्पितळात अशा घरांना मदत मिळवून देण्याचं काम ती करते. अपूर्वच्या शरीरात एक रस तयारच होत नाही, त्यामुळे नको ते पोटात साठत जातं, प्लीहा फुगते, हाडं दुखतात आणि मूल वाढायचं विसरतं. तो रस शिरेतून द्यायचा, दर पंधरा दिवसांनी. मग मूल पुन्हा वाढीला लागतं, म्हणाली. औषध इतकं महाग की घर विकून दोन-चार वर्षंच भागेल. म्हणून एका विश्वस्त संस्थेकडे अर्ज करायचा आहे. ते लोक अशा घरांना वर्षभराचं औषध देतात. किती द्यायचं ते मुलाच्या वजनावर ठरतं. सोन्यासारखं तोलून, अलका!

आजाराचं नाव गोशे. अण्णाने ते ‘गोषा’ ऐकलं, आणि इतका पडद्यात राहणारा आजार डॉक्टरांच्या नजरेस पडला कसा, याचंच त्याला कौतुक. त्यात दुर्मिळ आजाराला कन्नडमध्ये ‘अपरूप’ आजार म्हणतात. घरी येऊन त्याने शेजारच्या गोदूबाईंना मराठीत सांगितलं, की आमच्या नातवाला अप्रूपाचा आजार झालाय. त्या पेढे मागायच्याच बाकी होत्या.

चंद्रकांतरावांना अर्जाचं जपून सांग. कुणाकडून काही घ्यायचं म्हटलं की त्यांचा चेहरा कसा होतो, ते मला तुमच्या लग्नापासून ठाऊक आहे. साडीच्या बदल्यात साडी देईपर्यंत ते जेवले नव्हते.

अपूर्वबरोबर रव्याचे लाडू पाठवलेत. वेलदोडे जाडसर लागतील. खल आहे, पण लोखंडी बत्ता कुठे गेला कळत नाही. शेवटी लाटण्याने कुटले.

माया आहेच, तिचं वजन विचारू नकोस.
तुझी,
क्षमाअक्का

*

व्हाइटफील्ड
२३ जानेवारी

ती. क्षमाअक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. एकाच शहरात राहून पत्रं लिहितो म्हणून लेक आम्हाला हसतो. मकरंदला म्हटलं, फोनवर अक्काला ऐकू येत नाही आणि मला रडू येतं. शिवाय तुझ्या ऑफिसच्या कॅबपेक्षा पोस्टमन लवकर पोचतो.

तुझी भीती खरी ठरली. ह्यांनी अर्ज हातात घेतला, चष्मा पुसला, आणि पहिल्याच ओळीतल्या ‘गरजू कुटुंब’ या शब्दांवर पेनने काट मारली. वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘सक्षम, परंतु’. मनस्विनीने विचारलं, बाबा, परंतु काय? म्हणाले, परंतुच्या पुढचं त्यांनी समजून घ्यावं. साताऱ्याहून एका ट्रंकेनिशी आलो, जन्मभर सरकारी कारखान्यात विमानांची पाती घासली, कारखान्यातून घरी एक स्क्रू आणला नाही, असं सगळं सुरुवातीपासून सुरू झालं. मनस्विनी शांतपणे ऐकत होती. त्यांचं सांगून झाल्यावर तिने बॅगेतून दुसरा कोरा अर्ज काढला. तिने तीन प्रती आणल्या होत्या. सासऱ्याला ओळखते ती.

आता गोड बातमी. संस्थेने होकार कळवला! सोळा किलोच्या हिशेबाने वर्षभराचं औषध, पहिला डोस फेब्रुवारीच्या आठ तारखेला. मी देवापुढे साखर ठेवली. हे संध्याकाळी फिरायला गेले ते आपल्या कॉम्प्लेक्सला तीन फेऱ्या मारून आले.

अपूर्वचं विचारशील तर, त्याला धावता येत नाही म्हणून खालच्या मुलांनी त्याला क्रिकेटचा अंपायर केलंय. प्लास्टिकच्या खुर्चीत पोट पुढे काढून बसतो आणि मनाला येईल त्याला आउट देतो. काल एका मुलाला बॅट हातात घ्यायच्या आधीच आउट दिलं. कारण विचारलं तर म्हणाला, तो उद्या आउट होणारच आहे.

हसते, पण खुर्चीतून तो पळणाऱ्यांकडे बघतो ना, तेव्हा मी बाल्कनीतून आत येते.

अण्णाला सा. न. सांग. तुझा लोभ असू दे, लाडूसुद्धा असू देत, जाडसर चालतील.
तुझी,
अलका

*

व्हाइटफील्ड
९ फेब्रुवारी

ती. क्षमाअक्कास,
सा. न. वि. वि.

काल फोन केला होता, पण तू सारखं ‘काय? काय?’ म्हणत राहिलीस आणि मला तेच तेच पुन्हा सांगवेना. म्हणून लिहिते.

डोस झाला नाही.

सुई लावायच्या आधी नर्सने वजन घेतलं. चौदा किलो. तिने काटा पुसून पुन्हा घेतलं. चौदाच. महिन्याभरात दोन किलो कमी! डॉक्टरांनी लगेच हात आखडता घेतला. इतकं वजन उतरलं म्हणजे गोशेच्या जोडीला आणखी काहीतरी असणार, ते शोधल्याशिवाय औषध द्यायचं नाही, म्हणाले. रक्त काढलं, पोटाचे फोटो काढले. संस्थेचंही तेच म्हणणं. रंजिता म्हणाली की वजन का उतरलं याचं कारण फाइलला लागल्याशिवाय समिती औषध सोडणार नाही. समितीची बैठक वीस तारखेला आहे. ती चुकली तर पुढची थेट तीन महिन्यांनी. तोवर त्याची प्लीहा थांबणार आहे का, अक्का?

घरात कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नाही. मनस्विनीला वाटतं तिच्या ऑफिसमुळे झालं. मला वाटतं मी त्याला दुधाचा आग्रह केला नाही म्हणून झालं. ह्यांनी विमानतळावर न्यायच्या बॅगा तोलायचा काटा काढलाय. सकाळ-संध्याकाळ अपूर्वला कडेवर घेऊन आधी दोघांचं, मग स्वतःचं एकट्याचं वजन करतात आणि वजाबाकी करून भिंतीकडे बघत बसतात. तो काटा बॅगा टांगायचा आहे, माणसं उभी करायचा नाही, हे मकरंदने सांगून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, मला मेकॅनिकल शिकवू नकोस. त्यांचं स्वतःचं वजन काल नऊ किलो आलं.

तू त्या दिवशी त्याच्याबरोबर होतीस. तो जेवला होता का? दमला होता का? काही वेगळं दिसलं का तुला? आठवून आठवून लिही.

तुझी,
अलका

*

बसवनगुडी
१३ फेब्रुवारी

चि. सौ. अलकास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

मनस्विनीला फोनवर मुद्द्याचं सांगितलंच आहे, आता पाणी पी आणि बाकीचं वाच. तुझा नातू वाळलेला नाही. तो आधीपासूनच चौदा किलोचा होता.

तुझं पत्र मी अण्णाला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘दोन किलो’ म्हटल्यावर त्याने पानावरून हात काढून घेतला. भात तसाच. दुपारी झोपला नाही. संध्याकाळी देवळात गेला आणि प्रसाद न खाता परत आला, तेव्हा मला घोर लागला. अण्णा प्रसाद सोडणाऱ्यांतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खोलीत औषधाची गोळी ठेवायला गेले, तर तो कपाटाच्या दारात पाठ लावून उभा. लहानपणी कैऱ्या लपवल्यावर उभा राहायचा तस्सा. बाजूला हो म्हटलं. झाला. आत धोतरांच्या घडीखाली आपला बत्ता! आणि त्याच्याशेजारी माडीच्या दाराचं ते भलंमोठं पितळी कुलूप.

आता ऐक काय झालं ते. डिसेंबरात अण्णा अपूर्वला पहिल्यांदा त्या इस्पितळात घेऊन गेला होता ना, तेव्हा तिथल्या नर्सने मुलाचे हात बघून विचारलं, की अज्जा, घरात याला जेवायला देता की नाही? बिचारीने सहज विचारलं असेल. पण आपल्या घरात येणारा कुरिअरवालासुद्धा उप्पिट खाल्ल्याशिवाय जात नाही, आणि त्या घराला हा प्रश्न! अण्णाला ते फार लागलं. मला बोलला नाही. जानेवारीत इस्पितळात निघताना त्याने अपूर्वच्या जर्किनच्या आतल्या खिशात बत्ता आणि बाहेरच्या खिशात कुलूप घातलं. औषध वजनावर ठरतं, हे आम्हाला रंजिताने नंतर सांगितलं. तोवर सोळा किलो कागदावर गेले होते. मग अण्णाला सांगायचा धीर होईना. जास्त वजन तर जास्त औषध, यात पोराचं नुकसान काय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

अपूर्वला सगळं माहीत होतं. त्याने तुमच्यापैकी कुणाला सांगितलं नाही, कारण अण्णाने त्याच्याकडून वचन घेतलं होतं. मनस्विनीने आज त्याला खडसावलं तेव्हा म्हणाला म्हणे, की मला कुणी अपील केलंच नाही.

अण्णाला मी फार बोलले नाही. एकच म्हटलं, की इस्पितळात तू स्वतः जायचंस आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचंस. त्याने मान हलवली. तुलाही तो स्वतः लिहिणार आहे.

राग धर, पण जेव.
तुझी,
क्षमाअक्का

*

बसवनगुडी
१५ फेब्रुवारी

चि. सौ. अलकास,
अ. आ.

तप्पु झाला, फार चुकलं. स्वल्प नाही, मोठाच झाला. क्षमाने लिहिलं असेल. तिने जे लिहिलं ते सरी, बरोबरच, त्याहून वाईट लिहिलं असेल तर तेही सरी.

आज मी इस्पितळात गेलो. नुसतं तोंडाने सांगितलं तर म्हातारा नातवासाठी खोटं बोलतो असं वाटेल, म्हणून बत्ता आणि कुलूप पिशवीत घेतलं. फाटकावर गार्डने पिशवी उघडली. हे काय, विचारलं. पुरावा, म्हणालो. त्याने आणखी दोन गार्ड बोलावले. मी त्यांना डिसेंबरपासूनची सगळी गोष्ट सांगितली. तिघांनी ऐकली. एकाने त्या नर्सला नावं ठेवली. मग माझ्या हाताला धरून आत सोडलं.

रंजिताने मला खुर्ची दिली, पण मी उभ्यानेच सांगितलं. तिने बत्ता आणि कुलूप इस्पितळाच्या काट्यावर ठेवलं. दोन किलोला थोडं कमी. तिने ते लिहून घेतलं, माझी सही घेतली. सही करताना मी विचारलं, की माझ्यामुळे पोराचं औषध जाईल काय. ती म्हणाली, अज्जा, ते समिती ठरवेल. माझ्यासमोर ती हसली नाही. मी बाहेर आल्यावर आत हसली, ते दारातून ऐकू आलं. ते ऐकून स्वल्प बरं वाटलं.

चंद्रकांतरावांना माझं तोंड दाखवायला मला लाज वाटते. त्यांना नमस्कार सांग. ते मोठे नाहीत माझ्यापेक्षा, तरी सांग.

माझ्यावरचा लोभ कमी केलास तरी चालेल, बंद करू नको.
गुंडोअण्णा

*

व्हाइटफील्ड
१७ फेब्रुवारी

ती. क्षमाअक्कास,
सा. न. वि. वि.

मूल चौदाच किलोचं आहे हे कळल्यावर इतका आनंद झालेलं दुसरं घर या शहरात नसेल. मनस्विनी ताट घेऊन बसली आणि तीन दिवसांचं जेवली. तपासण्यांतही नवीन काही निघालं नाही. अण्णाच्या पत्रावर मी हसले, रडले, आणि पुन्हा हसले. त्याला म्हणावं लोभ चालू आहे.

हे मात्र भडकले. संस्थेला खोटं वजन गेलं, आणि तेही आपल्या घरातून! रात्रीचं जेवण न घेता झोपले. सकाळी रंजिताचा निरोप आला, की एका फाइलमध्ये दोन वजनं आली आहेत, तेव्हा समितीपुढे घरातल्या जबाबदार माणसाने येऊन खुलासा करावा. अण्णा यायला तयार आहे असंही तिने सांगितलं. आम्ही तिघांनी एकदम नको म्हटलं. मकरंद बाहेरगावी. मनस्विनी म्हणाली, मी तिथे रडेन. मग सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं.

अक्का, त्या माणसाने आयुष्यात पगारवाढसुद्धा मागितली नाही. कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला, म्हणाले, जातो. खरं वजन सांगतो, चौदा किलोचं जेवढं होईल तेवढंच घेतो, जास्तीचं परत. ग्रॅमसुद्धा वर नको.

तिथे माझं त्यांच्याशी वाजलं. मी म्हटलं, औषध वर्षाचं मिळणार. लागू पडलं तर पोरगं वाढणार, वाढेल तसं औषध जास्त लागणार. मग सहा महिन्यांनी बाटल्या संपल्या की काय करणार? आईने आम्हा बहिणींचे शाळेचे फ्रॉक कधी मापाचे शिवले नाहीत, वाढत्या अंगाचे शिवले. खाली चांगली चार बोटं दुमड घालायची. मुलगी वाढणार हे गृहीत धरूनच कापड घ्यायची. तुम्ही वाढत्या अंगाचं मागा.

ते म्हणाले, दुसऱ्याच्या पैशाने दुमड घालत नाहीत. मी म्हटलं, मग तो वाढणार नाही असं धरूनच चालायचं का? तेवढंच म्हटलं. ते उठून बाल्कनीत गेले. खाली क्रिकेट चालू होतं, अंपायर खुर्चीत होता.

आज दोन तास ते आमच्या गेटवरच्या गार्डशेजारी, रविकिरणपाशी स्टुलावर बसून होते. रविकिरण कन्नड शिकवत होता. समितीतले सगळे इंग्रजी बोलतात हे सांगून पाहिलं, तर म्हणाले, मागायचं तर समोरच्याच्या भाषेत मागावं. पस्तीस वर्षं या गावात काढून ह्यांना भाजी घ्यायला येत नाही, आणि आता हे! तू जवळ आहेस, तेवढी त्यांच्याबरोबर जा. मला फार भीती वाटतेय.

तुझ्या लोभाची आज रोजच्यापेक्षा जास्त गरज आहे.
तुझी,
अलका

*

बसवनगुडी
२१ फेब्रुवारी

चि. सौ. अलकास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझ्या नवऱ्याने घरी येऊन नुसतं ‘झालं’ म्हटलं असणार आणि चहा मागितला असणार. म्हणून सगळं लिहिते. श्वास घे, बातमी चांगलीच आहे.

टेबलामागे तिघं जण. मध्ये अध्यक्षबाई, माझ्याच वयाच्या, सुती साडी, कुठल्यातरी शाळेच्या हेडमिस्ट्रेस असणार असं वाटायला लावणाऱ्या. मी आपोआप पाय जुळवून बसले. चंद्रकांतराव उभेच राहिले. आधी वजनाचा खुलासा केला, इंग्रजीत, एकही शब्द न लपवता. बत्ता म्हणाले, कुलूप म्हणाले. तिघांचे चेहरे कसेबसे जागेवर राहिले. मग त्यांनी हात जोडले आणि कन्नड सुरू केलं.

त्यांना म्हणायचं होतं, की आमचं मूल वाढतं मूल आहे. आता तुला माहीत आहे, कन्नडमध्ये ‘बेळे’ आखूड म्हटलं की वाढ, आणि ‘बेऽळे’ लांबवलं की डाळ. आपण लहानपणापासून दोन्ही ऐकत आलो. साताऱ्याच्या जिभेला हा फरक कुठून येणार? चंद्रकांतरावांनी छाती भरून सांगितलं, की आमचं मूल डाळ मूल आहे.

अध्यक्षबाईंनी हळुवारपणे विचारलं, की त्याला फक्त डाळच चालते का. ते म्हणाले, ‘हौदु, बेऽळे!’ म्हणजे होय, डाळ! आज थोडी डाळ. पुढच्या महिन्यात जास्ती डाळ. वर्षाने तर खूपच डाळ. असं म्हणत हाताने डाळीची उंची दाखवत गेले, आधी टेबलाएवढी, मग स्वतःच्या छातीएवढी. शेजारचे डॉक्टर काळजीने म्हणाले, की डाळीबरोबर ‘सोप्पु’ही देत जा. म्हणजे पालेभाजी. तुझ्या नवऱ्याला वाटलं, ते ‘सोपं आहे’ म्हणताहेत. त्यांचा आवाजच बदलला. ‘सोप्पु इल्ला,’ म्हणाले, ‘तुंबा कष्टा.’ सोप्पु नाही, फार कष्ट आहेत. आणि अलका, त्यांचे डोळे भरून आले. पालेभाजी मिळत नाही म्हणून हा गृहस्थ रडतोय असं त्या डॉक्टरांना वाटलं. त्यांनी लगोलग पाण्याचा ग्लास पुढे केला.

मी रुमाल तोंडात कोंबून बसले होते. मी हसतेय की रडतेय ते मला कळत नव्हतं. शेवटी उठले आणि बाईंना नीट कन्नडमध्ये सांगितलं, की डाळ नव्हे हो, वाढ. मागायची वेळ यांच्यावर कधी आली नाही, आज तुमच्या भाषेत मागायचं म्हणून गेटवरच्या गार्डकडून शिकून आलेत. मग अध्यक्षबाई हसल्या, अगदी मनापासून, आणि त्या हसल्यावर सगळेच.

चंद्रकांतराव तरीही बसेनात. ‘वाढत्या अंगाचं’ याला कन्नड शब्द त्यांना येईना, इंग्रजी सापडेना, मलाही चटकन सुचेना. तेव्हा त्यांनी काय करावं? वाकले, आणि आपल्या इस्त्रीच्या पँटची खालची दुमड उलगडून दाखवली. असं, म्हणाले. अध्यक्षबाई पुढे वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, माझ्या परकराला आई तीन चुण्या घालायची, दर युगादीच्या पाडव्याला एक उसवायची.

तर ठरलं ते असं. औषध आत्ता चौदा किलोचंच सुरू करायचं. दर तीन महिन्यांनी पुन्हा वजन घ्यायचं आणि वाढेल तसं औषध वाढवायचं, वर्षभर नवीन अर्ज लागणार नाही. पहिला डोस एक मार्चला. वजनाच्या वेळी मुलाच्या अंगावर नुसती चड्डी असावी आणि बरोबर गुंडोअण्णा नसावेत, असं बाईंनी टिपणात घालायला सांगितलं.

चंद्रकांतराव परत येताना आमच्या घरी आले. अण्णा माडीवर लपला होता. त्याला खाली बोलावलं, दोघं समोरासमोर बसले. तुझ्या नवऱ्याने अण्णाला विचारलं, की पालेभाजीला सोप्पु म्हणतात हे मला कुणी आधी का सांगितलं नाही. मग दोघांनी पोटभर उप्पिट खाल्लं.

पँटची ती दुमड उलगडलेलीच राहिली होती, तेवढी शिवून घे. लोभाला मात्र शिवण घालू नकोस, सैलच असू दे.
तुझी,
क्षमाअक्का

*

व्हाइटफील्ड
१६ नोव्हेंबर

ती. क्षमाअक्कास,
सा. न. वि. वि.

परवाच्या वजनाची बातमी मनस्विनीने तुला कळवलीच असेल. तिसऱ्यांदा औषध वाढवलं. बिलाच्या जागी संस्थेचा शिक्का बघितला की हे अजून मान खाली घालतात, पण आता कागद नीट घडी करून स्वतःच फाइलला लावतात. दर डोसच्या दिवशी रंजिताकडे जाऊन बसतात. नवीन आलेल्या घरांतले आजोबा लोक अर्जावर सही करत नाहीत म्हणे, तेव्हा ती ह्यांना पुढे करते. हे त्यांना काय सांगतात कोण जाणे, सह्या होतात. कन्नड मात्र बोलू नका अशी तिने प्रेमाने विनंती केली आहे.

अपूर्वचं पोट उतरलंय. रात्री पाय दुखतात म्हणून उठत नाही. आणि ऐक, त्याने अंपायरकी सोडली! दसऱ्याच्या सुट्टीत खुर्चीतून उठला आणि बॅट मागितली. पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला. तर म्हणतो, मी अंपायर आहे, मी आउट दिलेलं नाही. खाली मोठं भांडण झालं. वरपर्यंत ऐकू येत होतं. मी बाल्कनीत उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं.

पुढे काय, हे रंजितालाही ठाऊक नाही. वर्ष संपलं की पुन्हा अर्ज, पुन्हा समिती. सरकारी योजनेतही नाव घातलंय, तिथून अजून उत्तर नाही. पण ते फेब्रुवारीत. आत्ता हातात वेगळंच काम आलंय आणि त्यासाठीच हे पत्र. अपूर्वचे कपडे त्याला होत नाहीत. एकही होत नाही! मनस्विनीने कपाट उघडलं आणि सगळे पलंगावर काढले. आम्ही दोघी त्या ढिगाकडे लग्नाचा बस्ता बघावा तशा बघत बसलो. सगळे धुऊन, इस्त्री करून गाठोडं बांधलंय. अण्णा येत्या रविवारी येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. वाटणी तू कर, खाली लिहिल्याप्रमाणे.

आम्हा सगळ्यांवर लोभ आहे तसाच राहू दे, आणि थोडा वाढेल अशा मापाने राहू दे.
तुझी,
अलका

ता. क. निळा स्वेटर आणि दोन्ही पायजमे, डोसच्या वेळी अपूर्वच्या शेजारच्या खाटेवर असते त्या स्मृतीला. तिचं औषध गेल्याच महिन्यात सुरू झालंय, तिला अजून मोठेच होतील, तरी दे. पांढरे बूट फारसे वापरलेले नाहीत, ते गोदूबाईंच्या पणतवाला. चौकड्यांचे तीन शर्ट रंजिताकडे ठेव, ती लागेल त्याला देईल. टोप्या कुणालाही. पिवळा सदरा गाठोड्यात चुकून आला असेल तर तेवढा अण्णाबरोबर परत पाठव, तो मनस्विनीला ठेवायचा आहे. तो त्याला सलग तीन वर्षं होत होता.